फ्राऊ लेवीनचा निळा डबा

फेब्रुवारीत मालिनी वारली. तिच्या टेबलावरचा निळा पत्र्याचा डबा तिथेच राहिला. डबा होता शेजारच्या गल्लीतल्या फ्राऊ लेवीनचा, म्हणजे लेवीनबाईंचा. फोटो काढायला म्हणून मालिनीने आणला होता.

तो डबा ज्या निधीचा, त्याचा इतिहास ती लिहीत होती. १९०१ साली ज्यू लोकांनी आपल्या देशासाठी जमीन घ्यायला तो निधी काढला. इथे जर्मनीतही कितीतरी घरांत असे डबे असत. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेचे दिवे लावण्याआधी त्यात नाणं टाकायचं. किल्ली निधीच्या माणसाकडे. तोच येऊन डबा रिकामा करी. त्या पैशातून पॅलेस्टाईनमध्ये जमिनी घेतल्या, झाडं लावली. त्या जमिनी आधी कसणाऱ्या अरबांचं काय झालं, हे चौथ्या प्रकरणात यायचं होतं. ते अर्धंच राहिलं.

फ्राऊ लेवीननी दोनदा फोन केला. नात येणार होती, तिला डबा दाखवायचा होता. मालिनीचा नवरा श्रीनाथ दोन्ही वेळा खोटं बोलला, सापडत नाही म्हणाला. डबा गेला की टेबलावर मालिनीने आपल्या हाताने ठेवलेलं काहीच उरणार नव्हतं.

गुरुवारी धूळ पुसताना डबा हातात घेतला, तर आत खुळखुळलं. आणला तेव्हा तो रिकामा होता. श्रीनाथने तो उलटा करून हलवला. नाणं टाकायच्या फटीतून खडीसाखरेचा एक खडा पडला.

तो खुर्चीवर बसला. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा मालिनीचा नेम. म्हणजे तिची डबा परत द्यायची तयारी झाली होती. अडवून धरला होता त्यानेच. त्याने खडा परत आत टाकला.

शुक्रवारी सकाळी तो गेला. फ्राऊ लेवीननी डबा कानाशी नेऊन हलवला.

"हे काय?"

"साखर. बायकोने टाकली. आमच्याकडे रिकामा परत देत नाहीत."

"किल्ली तर आईच्या वेळेपासून नाही." त्यांनी डबा शेल्फवर ठेवला. "राहू दे आत. आणि सापडला कुठे?"

"टेबलावरच होता. मी खोटं बोललो."

"ते मला वाटलंच होतं."

मग त्यांनी आतून एक स्टीलचा डबा आणला. मालिनी त्यातून त्यांच्यासाठी चिवडा घेऊन आली होती. आता त्यात चार सफरचंदं होती.

घरी येऊन त्याने तो डबा टेबलावर ठेवला. हा घरचाच होता. परत द्यायला कुठे जायचं नव्हतं.