माझ्या गळ्यात चांद्याची घंटा

मी एक जुना बैल आहे. बैलाला म्हातारा म्हणतात, जुना म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. पण माझी गाडी जुनी झाली, जू जुनं झालं, मग मी एकट्यानं कशाला वेगळं व्हायचं? माझं नाव हरण्या. रंग हरणासारखा म्हणून हे नाव ठेवलं, असं घरची माणसं सांगत. गावातले लोक मात्र हसून म्हणत, पळतो म्हणून हरण्या. मित्रांनो, गावाचंच खरं होतं.

मी केदारखेड्याच्या रखमाजींच्या गोठ्यात जन्मलो. मला कशाची भीती वाटायची असं विचारू नका, कशाची वाटत नव्हती ते विचारा. वाळत घातलेलं लुगडं फडफडलं की मी दावं ताणायचो. मोटारीचा भोंगा दूर कुठे वाजला तरी माझे कान टवकारायचे. संध्याकाळी माझीच सावली लांब व्हायची आणि मी तिच्यापासून अंग चोरायचो. मला वेसण घातली तेव्हा गल्लीतली सगळी माणसं गोळा करावी लागली. रखमाजी कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्या भित्र्याला जुपावं तरी कसं?"

शेवटी त्यांनी जालन्याच्या बाजारातून चांद्या आणला. अंगानं काळाभोर आणि कपाळावर पांढरा चांद. त्याला माझ्या डाव्या अंगाला बांधलं. तो माझ्याकडे न बघता कडबा खाऊ लागला. जगात घाबरण्यासारखं काही असतं हे त्याला बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून डावीकडे चांद्या आणि उजवीकडे मी. नांगर, वखर, मोट, गाडी, सगळं आम्ही असंच ओढलं. भीती वाटली की मी डावीकडे बघायचो. त्याचं शिंग दिसलं की माझे पाय आपोआप पडायचे. ओढ्याच्या पाण्यात तो आधी शिरायचा. पोळ्याच्या दिवशी वेशीतल्या तोरणाची पानं हलताना बघून मी जागीच थिजायचो, तेव्हाही तोच पुढे पाय टाकायचा. लोक म्हणत, काय जोडी आहे. त्या कौतुकात माझा वाटा किती होता, ते मला ठाऊक होतं.

पोळ्यालाच रखमाजींच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, आमच्या गळ्यात घंटा बांधल्या होत्या. चांद्याची जाड होती, ती ठण्ण वाजायची. माझी पातळ, नुसती किणकिणायची. द्वारकाबाई चुलीपुढे बसल्या बसल्या आवाज ओळखायच्या आणि "आली जोडी" म्हणून तवा चढवायच्या. पहिल्या भाकरीचा तुकडा आमचा असायचा.

मग ते वाईट साल आलं. निजामाचं राज्य डळमळू लागलं होतं. हत्यारबंद माणसं गावोगाव फिरत आणि रस्त्यात दिसेल ती गाडी बैलांसकट, माणसासकट ओझी वाहायला धरून नेत. धरून नेलेले काही परत येत, काहींचा पत्ताच लागत नसे. दिवस कलायच्या आत घरांना कड्या लागायच्या. आयुष्यभर मी एकटा घाबरत होतो, आता सगळा मुलूखच माझ्यासारखा झाला होता. त्यात मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

ऐन श्रावणात रखमाजींना शहागडची वाट धरावी लागली. त्यांची लेक चतुराबाई माहेरी आली होती. तिच्या सासरहून निरोप आला, सासू फार आजारी आहे, ताबडतोब यावं. द्वारकाबाई म्हणाल्या, "दिवस बरे न्हाईत. नका जाऊ." रखमाजी म्हणाले, "लेकीला एकटी कशी धाडू? पोचवतो अन् जल्दी परततो."

चतुराबाईला आम्ही सुखरूप पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी घेऊन निघालो. शहागड मागे पडलं, गोदावरीकडून येणारा वारा मागे पडला आणि वळणावर ती माणसं उभी दिसली. एकाच्या हातातली बंदूक चमकली. मित्रांनो, मी मटकन खाली बसलो. जू तिरपं झालं. चांद्यानं मान ताणून मला उठवायचा प्रयत्न केला, पण माझे पायच माझे राहिले नव्हते.

"उठाव इसकू," त्यांच्यातला एक ओरडला.

एरवी रखमाजींनी माझी शेपटी पिळली असती. त्या दिवशी ते नुसते म्हणाले, "साहेब, हा बिलकुल कामाचा न्हाई. जातीचा भित्रा. रस्त्यात धा ठिकाणी बसंल अन् तुमचा खोळंबा करंल."

ते ऐकून मला फार लागलं. इतकी वर्षं वैरण घालून माणसानं चारचौघांत असं बोलावं? त्या माणसांनी माझ्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी बैल आणून जुंपला. मग रखमाजी चांद्याच्या गळ्याशी वाकले.

"क्या करता रे?"

"घंटीचा दोर सैल झालता, बराबर करून राह्यलो."

त्यांनी चांद्याची घंटा सोडून माझ्या गळ्यात बांधली आणि माझी त्याच्या गळ्यात. गाठी पक्क्या मारल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हरण्या, घराला जा." एवढं बोलून ते गाडीवर चढले. चांद्यानं एकदा मागे पाहिलं. मग गाडी वळणाआड गेली.

मी उठलो तेव्हा रस्ता रिकामा होता. घर जालन्याच्याही पलीकडे. मी चालू लागलो. चालायचं ठरवलं होतं असं नाही. उभं राहायची भीती चालायच्या भीतीपेक्षा मोठी होती, इतकंच.

मी रस्त्याच्या उजव्या चाकोरीतून चालत होतो. डावी बाजू त्याच्यासाठी मोकळी सोडली होती. प्रत्येक पावलाला ठण्ण आवाज यायचा आणि मला वाटायचं, हा काय, चांद्या शेजारीच आहे. मी डावीकडे बघायचो. तिथे नुसता चिखल असायचा. तरी पुढच्या पावलाला पुन्हा तोच आवाज यायचा आणि मी पुन्हा फसायचो.

अंबडच्या अलीकडे एक वस्ती लागली. माझ्या गळ्यातली घंटा ऐकून तिथली दारं पटापट लागली, पोरांना आत ओढून घेतलं. मला आधी कळलंच नाही. नंतर ध्यानात आलं, गाडी घेऊन ती माणसंच आली, असं त्यांना वाटलं होतं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला घाबरलं होतं आणि मी रस्त्याच्या मधोमध लटलट कापत उभा होतो.

एक दार किलकिलं झालं. गोजरबाई नावाची एक म्हातारी बाहेर आली. शेजारीण आतून ओरडली, "गोजरबाई, आत ये, मरायचं का तुला?" पण ती पुढे आलीच. माझ्या मानेवरचा जुवाचा घट्टा तिनं हातानं चाचपला.

"गाडीचा बैल हाय ह्यो. अन् एकलाच. धनी कुठं गेला रे तुझा?" मी काय सांगणार? तिनं डोणीत पाणी ओतलं, मूठभर कडबा टाकला. मी पीत असताना तिनं पदराची चिंधी फाडली आणि घंटेच्या आतल्या लोलकाला गच्च गुंडाळली. "वाजत जाऊ नगं, लेकरा. आवाजावर धरून नेणाऱ्यांचे दिवस हायेत."

तिनं माझं भलंच केलं. पण पुढे पाऊल टाकलं आणि आवाजच आला नाही. मित्रांनो, खरी भीती मला तेव्हा कळली. इतका वेळ मी एकटा नव्हतो, आता झालो. डावीकडे बघून उपयोग नव्हता. ज्वारीत काही खसफसलं की माझ्या अंगावर काटा यायचा. लांबून घोड्यांच्या टापा आल्या की मी पिकात शिरून श्वास धरून उभा राहायचो. टापा दूर गेल्या की पुन्हा वाटेला लागायचो. जालना मी लांबून, शेताशेतानं ओलांडलं.

गावाअलीकडच्या नदीला पाणी होतं. गढूळ, जोराचं. मी काठावर उभा राहून कोणीतरी आधी उतरेल म्हणून वाट पाहत राहिलो. ढग पुन्हा भरून आले. मग माझ्या मनात आलं, शहागडपासून इथवर मला कोण घेऊन आलं? आवाज तर केव्हाच बंद झाला होता. पाय थरथरत होते, पण थरथरतच इतके चालले होते. मी पाण्यात उतरलो. पाणी पोटाला लागलं, मग मानेला. मी पलीकडे निघालो तेव्हाही घाबरलेलाच होतो.

वाटलं होतं, मला बघून घर आनंदेल. पण गाडी नाही, जोडीदार नाही, धनी नाही, असा एकटा बैल दारात आला की माणसं काय समजतात, हे मला कुठे ठाऊक? बायांनी हंबरडा फोडला. शेजारचा कचरू मान खाली घालून उभा राहिला. द्वारकाबाई धावत आल्या आणि माझ्यापुढे येऊन थांबल्या. चेहरा पांढराफटक झाला होता.

त्यांना ती चिंधी दिसली. त्यांनी ती सोडली. घंटा वाजली. ठण्ण.

त्यांनी ती हातात धरली, पुन्हा हलवली.

"ही चांद्याची हाय," त्या म्हणाल्या. "हरण्याची न्हाई. बैल काय आपसात घंट्या बदलत्येत का? ही गाठ ह्यांच्या हातची हाय. ह्यांनीच हरण्याला धाडलंय, मला कळावं म्हणून."

कचरू हळूच म्हणाला, "वहिनी, तवा जिता व्हता. आता काय म्हाईत?"

"तवा जिते व्हते. आजच्याला तेवढं पुरं हाय." मग रडणाऱ्या बायांकडे वळून त्या म्हणाल्या, "माझ्या दारात रडायचं न्हाई." आणि चुलीपुढे जाऊन त्यांनी तवा चढवला. भाकरीचा पहिला तुकडा मला देताना मात्र त्यांचा हात माझ्या नाकाशी बराच वेळ तसाच राहिला.

पोळा आला. त्यांनी मला सजवलं नाही. म्हणाल्या, जोडी आल्यावर. रोज संध्याकाळी त्या उंबऱ्यात कान देऊन बसायच्या आणि गोठ्यात मीही.

पुढे राज्य पालटलं. दसऱ्याच्या आधी एका दुपारी लांबून आवाज आला. बारीक, किणकिणता. माझीच घंटा. रखमाजी वाळून काडी झाले होते. त्यांच्या मागे चांद्या होता. पाठीवर वळ, उजवा डोळा गेलेला. मी हंबरलो, तर तो दचकून मागे सरला. पान हललं तरी अंग चोरत होता. माझा चांद्या घाबरायला शिकून आला होता.

द्वारकाबाईंनी त्याच दिवशी पोळा केला. वेशीला तोरण बांधलं. रखमाजींनी आम्हाला जुंपताना बाजू बदलली. चांद्या उजवीकडे, म्हणजे त्याच्या उरलेल्या डोळ्याला मी दिसावा. घंटा बदलायला गेले, तर द्वारकाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

तोरणाची पानं हलली आणि चांद्या थिजला. भीती मलाही वाटलीच, ती काही माझी पाठ सोडणारी नाही. पण तो माझ्याकडे बघत होता. मी पाऊल टाकलं. ठण्ण. त्यानं कान हलवला आणि माझ्यामागे पाय उचलला.

मित्रांनो, कुणी घाबरून खाली बसला तर त्याची शेपटी पिळू नका, हसूही नका. त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहा. तुम्हीही घाबरलेले असाल तरी चालेल, त्याला ते दिसत नाही.