सपाट रेघ

गिरिजाचं काम तसं सोपं होतं: रेघ बघायची आणि सही ठोकायची. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या त्या कारखान्यात जवसाच्या तंतूंवर काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं रेझिन चढवून बोटींचे तळ घडवत. साच्यातला सेन्सर रेझिन घट्ट होईल तशी पडद्यावरची रेघ चढवत नेई. रेघ सपाट झाली की तळ पक्का. मग नख टोचून कोण बघतंय? यंत्रावर डोळे मिटून भरवसा ठेवायला माणूस शिकलेलाच लागतो.

त्या सकाळी नवा साचा भरून जेमतेम तास झाला होता, तरी रेघ सपाट दिसत होती. इतक्या लवकर? तिनं साच्याजवळ काम करणाऱ्या अबुजरला हाक मारली. त्यानं सेन्सरची वायर उचलून दाखवली. "मॅडम, ये तो निकला हुआ है."

वायर निसटली तरी यंत्र आपलं शेवटचा आकडाच गिरवत बसलं होतं. असं कधीपासून चाललंय, ते कुणालाच सांगता येईना.

गेल्या आठवड्यात तिनं पास केलेल्या तळाची कापलेली पट्टी कोपऱ्यात पडली होती. गिरिजानं तिच्यावर नख दाबलं. नख आत गेलं. तिनं घाईनं फोन लावला, कारण त्या तळाची बोट या घडीला समुद्रात होती आणि चाचणीला तिचा नवरा सुजीत गेला होता.

"सुजीत, बोट वळव! तळ कच्चा आहे."

"अगं, आपले क्लायंट अहमदसाहेब बसलेत बोटीत. आणि रिपोर्ट ओके आहे ना?"

"रिपोर्ट माझाच आहे! मी चुकले. हळू आण, पण लगेच नीघ, यल्ला!"

फोन कट झाला. पुन्हा लागेना.

जेट्टीवर ती पाऊण तास उभी होती. नोकरीचीही भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण सुजीतच्या काळजीपुढे ती काहीच नव्हती.

बोट आली, एका अंगाला कललेली. सुजीत गुडघ्यांवर बसून डब्यानं पाणी उपसत होता. तो वर चढताच गिरिजा त्याची ओली बाही धरून रडू लागली.

मागून अहमदसाहेब चढले. ते ओरडले नाहीत.

"बहन, इससे पहले कितनी बोटों पर आपका साइन है?"

"नऊ," ती म्हणाली. समोरच्या पाण्याकडे बघायचं तिला धाडस होईना.