जाळ्याची पहिली गाठ

विक्कीचा फोन आला तेव्हा मी दिव्यानीला पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालत होते. हात तेलाचे, फोन खाटेवर. नवऱ्यानं, धनराजनं, तो उचलून माझ्या कानाला लावून धरला.

"जयाताई, मी विक्की, तुह्या गावचा. काल सुटलो जमानतीवर. बाबुलालभाऊ आतच आहे ना ताई. जेलच्या दवाखान्यात."

"आत म्हणजे? चंद्रपूरलाच?"

"मंग कुठी? माह्या बराकीतूनच नेलं त्यायले. पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणते कापा, नाई तं पाय जाईन. भाऊ म्हणते, नाई कापत. कोणाचंच ऐकून नाई राह्यले. तुमी कोणी काऊन नाई गेले वो ताई? रोज दाराकडे पाहत बसते माणूस."

दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी गेलं आणि ती रडायला लागली, म्हणून बरं. मला काही बोलावं लागलं नाही.

गेलो कसं नाही? माय गेली होती की. आमचं माहेरचं गाव मोहर्लीच्या अलीकडे. बाबुलालभाऊ म्हणजे माझे बाबा. धिवर, जन्म तलावावर गेला. यंदा तलावात मासोळी धरेना, म्हणून पोळ्यानंतर त्यांनी अभयारण्याच्या पाण्यात जाळं टाकलं. मायनं नको म्हटलं होतं. वनरक्षकांनी जाळ्यासकट धरलं. भाऊ मिथुन हैदराबादकडे सेंट्रिंगच्या कामावर, मी इकडे मुलचेऱ्याला सासरी, ओली बाळंतीण. माय एकटी एसटीनं जेलवर गेली आणि परत येऊन म्हणाली, "तिथी नाई ते. नाई म्हणते खिडकीवाला." पुन्हा गेली, पुन्हा तेच. मग आम्हीच ठरवून टाकलं की नागपूरला हलवलं असेल. मिथुन नागपूरला कुणाकुणाला फोन लावत बसला. दसरा गेला, दिवाळी गेली. बाबा आपल्याच जिल्ह्यात, खाटेवर, दाराकडे बघत.

शेतात धान कापणीला आलेलं, तरी धनराज म्हणाला, "तू जा. पोरगी अंगावर पिते, तिलेही ने." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी निघाले. माय चंद्रपूरच्या स्टँडवर भेटली. नवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, आणि पिशवीत सुकटीच्या चटणीचा डबा. दिव्यानीला माझ्याकडून ओढूनच घेतलं तिनं. "मोठी झाली वं माही माय! पण वाळली. तुले दूध नाई का?" मी म्हटलं, भरपूर आहे, तू आधी आटोत बस.

जेलच्या बाहेर कडुनिंबाखाली बाया-माणसं बसली होती, आठवडी बाजारात बसतात तशी. कुणी पोरांना केळी सोलून देत होतं, कुणी वकिलाला शिव्या. दिव्यानी भुकेनं किरकिरायला लागली. मी पदराआड घेऊन पाजायला बसले आणि मायला म्हटलं, "तू खिडकीवर जाऊन सांग, तोवर हिचं होते."

माय गेली. मी बसल्या जागेवरून तिची पाठ बघत होते. ती खिडकीत वाकली, काहीतरी बोलली, डोक्यावरचा पदर सारखा केला, पुन्हा बोलली. आणि परत आली.

"नाई म्हणते."

"काय नाही म्हणते?"

"नाईच म्हणते ना! मी तुमाले तेव्हाच सांगतलं होतं."

"माय, तू काय सांगितलं त्याला?"

"सांगतलं. मिथुनचे बाबा पाहिजे म्हणून."

"अन् त्यानं काय विचारलं?"

"आडनाव विचारलं. म्हटलं पचारे. मंग तो मशीनवर पाहते अन् म्हणते, मिथुन पचारे नावाचा कोणी इथी नाई. दरवेळी तेच म्हणते."

"बाबांचं नाव नाही सांगितलं?"

मायनं जिभेचं टोक दातांत धरलं, मी काही घाण बोलले असल्यासारखं. "मी कशी घेऊ वं नाव?"

पलीकडे बसलेली एक म्हातारी हसली. मला हसू येईना आणि रागही येईना. गावातल्या तिच्या वयाच्या कुठल्याच बाईनं नवऱ्याचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. रेशनच्या दुकानात सोबत कुणी पोरगं असतं, तेच सांगतं. आधार कार्डावर असतं लिहिलेलं, पण पहिल्या दोन्ही वेळी कार्ड तिनं घरी डब्यात ठेवलं होतं, गर्दीत हरवू नये म्हणून. आज ते मी स्टँडवरच मागून माझ्या पिशवीत ठेवलं होतं. तिला इथं कुणी ओळखत नव्हतं, कुणी टोकणार नव्हतं, तरी तिनं नाव घेतलं नव्हतं.

"माय वो, अशा वेळी तरी!"

"अशा वेळीच तं नाई," ती म्हणाली. "नाव घेतलं तं माणसाचं आयुष्य कमी होते. आधीच ते बिमार. त्यात मी अजून कमी करू का?"

दिव्यानीला खांद्यावर टाकून, पाठ थोपटत खिडकीशी गेले. माय मागे मागे आली.

"बाबुलाल पचारे," मी म्हटलं. "दवाखान्यात आहेत. मी मुलगी, ही त्यांची बायको."

मायनं तोंड दुसरीकडे फिरवलं आणि पदर कानावर ओढला.

खिडकीतला माणूस चाळिशीचा, चष्मा कपाळावर. त्यानं बटणं दाबली. "आहेत ना. बाबुलाल पचारे, रुग्ण विभाग." मग त्यानं मायकडे पाहिलं, बराच वेळ. "मावशी, तुम्ही यांच्यासाठीच येत होत्या?"

माय भिंतीकडे बघत म्हणाली, "मिथुनचेच बाबा आहे ते."

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर केला आणि आमची कार्डं मागितली. त्यानं नंबर पुढचा लावून दिला.

झडतीला एक पोलीस बाई होती. तिनं दिव्यानीचा लंगोटसुद्धा चाचपला आणि हात ओला झाल्यावर म्हणाली, "घ्या, हिनं आपलं काम केलं." सुकटीचा डबा बाहेरच ठेवायला लावला. मायचा जीव त्या डब्यात अडकला. "मांजर खाईन वं!" मी तिला दंडाला धरून आत नेलं.

भेटीची खोली लांबट. मध्ये काच, काचेखाली सिमेंटचा कट्टा, दोन्ही बाजूंना फोनचे रिसीव्हर. आम्ही बसलो. काचेपलीकडून आधी पांढऱ्या कोटातला एक तरुण आला, त्यानं फोन उचलला. मी इकडचा उचलला.

"मी राजदीप. इथल्या जेलच्या दवाखान्यात ड्युटी असते माझी. भाऊला आणतोच, त्याआधी सांगतो. साखर आता आटोक्यात आहे. ताप नाही. पण अंगठा गेलेला आहे ताई, तो काही परत येत नाही. सरकारी दवाखान्यात न्यायची सगळी तयारी आहे, भाऊ हो म्हणत नाहीत. आज हो म्हटलं तर उद्या नेता येईल. थांबले तर वर चढेल, मग गुडघ्यापर्यंत कापावं लागतं. आणि भाऊच्या तब्येतीला ते झेपेल का, मी नाही सांगू शकत. तुम्ही समजवा."

मी मायला सांगितलं. तिनं नुसती मान हलवली.

मग बाबा आले. चाकाच्या खुर्चीत. उजवा पाय फळीवर सरळ ठेवलेला, पट्टीत गुंडाळलेला. तलावावर काळेभोर दिसणारे बाबा सावलीत राहून फिके पडले होते. कच्च्या धानासारखा रंग आला होता चेहऱ्याला. त्यांनी मला पाहिलं, मायला पाहिलं, मग दिव्यानीला, आणि तिच्यावरच नजर ठेवून फोन उचलला.

"आले का शेवटी," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. म्हणूनच मला जास्त लागलं.

"बाबा, माय दोनदा येऊन गेली. तिला नाही म्हणून सांगितलं." आणि मी सगळं सांगितलं, खिडकी, मिथुनचे बाबा, मशीन.

बाबा ऐकत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होते.

"नाव नाई घेतलं? दे तिले फोन."

मायनं रिसीव्हर दोन्ही हातांत धरला. नवऱ्याशी ती आयुष्यात पहिल्यांदा फोनवर बोलत होती. मी कान तिच्या कानाशी नेला.

"काऊन वं," बाबा म्हणाले, "घरी शिव्या द्याले तं आळीभर तोंड चालते तुहं. इथी काय झालं?"

"शिव्या देल्यानं काई कमी नाई होत," माय म्हणाली. "अन् म्हटलं होतं ना, त्या पाण्यात जाऊ नका म्हणून? म्हटलं होतं का नाई?"

"म्हटलं होतं."

"मंग?"

"मंग काय. मले वाटलं, त्याच रागानं नाई येऊन राह्यली."

"राग आहेच. राग काय कुठी गेला? पण राग आला म्हणून माणूस येत नाई का?"

दिव्यानीनं फोनची तार पकडून तोंडात घातली होती. ती सोडवत मी रिसीव्हर घेतला. वेळ थोडा होता आणि बोलायचं ते राहत होतं.

"बाबा, डॉक्टर सांगतात ते ऐका. अंगठ्याचं हो म्हणा."

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. "ते नको बोलू."

"काऊन पण?"

"दोर कशात अडकवू मंग?"

मला क्षणभर कळलं नाही, आणि मग सगळं कळलं. बाबा जाळं हातानं विणतात. अंगणात बसायचे, डावा पाय दुमडलेला, उजवा लांब. पहिली गाठ त्या पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि तिथून बांबूच्या सुईनं डोळा डोळा, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, विणत यायचं. लहानपणी आम्ही त्यांच्या अंगठ्याला पडलेल्या खाचेत बोट घालून बघायचो. आता गावात सगळे बाजारातून तयार जाळं आणतात, मिथुनसुद्धा. बाबा एकटेच उरले.

"खिळ्याला अडकवा ना बाबा. खाटेच्या खुराला."

"खिळ्याले काय समजते?" ते शांतपणे म्हणाले, मला शिकवल्यासारखं. "गाठ मारताना ताणा लागते, मारली का सैल सोडा लागते. पाय आपसूक मागंपुढं होते. खिळा होते का? खिळ्यावर विणलेल्या जाळ्याचे डोळे सारखे नाई येत. मासोळी पाहते अन् निघून जाते. नाई बाई. मी बसून खाणारा माणूस नाई. दोन पायानं आलो, दोन पायानं जाऊ द्या."

राजदीपनं माझ्याकडे बघून भुवया उचलल्या, म्हणजे हेच रोज चाललेलं. मी घाई करायला लागले. मिथुन येणार आहे म्हटलं, जमानतीचा अर्ज लावू म्हटलं, नातीकडे बघा म्हटलं. ते नातीकडे बघतच होते. मान मात्र नाही म्हणून हलत होती.

मायनं माझ्या हातातला रिसीव्हर काढून घेतला. खुर्ची मागे सरकवली. लुगडं जरा वर धरलं आणि उजवा पाय उचलून सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवला, काचेला लागून. टाच भेगाळलेली, जोडवं झिजलेलं, प्रवासाची धूळ. अंगठा तिनं वर केला, खाली केला.

"ह्याले बांधा."

आमच्या मागचा शिपाई ओरडला, "ओ मावशी! पाय खाली! हे काय घर आहे का?"

"थांब रे भाऊ," माय त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दाखवून राह्यली." आणि फोनमध्ये, "माह्या पायाले बांधा दोर. तुमी ताण म्हणलं का ताणीन, सैल म्हणलं का सैल सोडीन. खिळ्याले नाई समजत, मले तं समजते."

बाबा त्या पायाकडे बघत राहिले. जाळ्याचा दोर पारखताना बघतात तसं, डोळे बारीक करून.

"तू बसशीन?" ते म्हणाले. "एका जागी? तुले तं बसल्या बसल्या आठ घरचं आठवते."

"बसीन."

"एक जाळं म्हणजे महिना जाते वं."

"जाऊ द्या ना महिना. इथी काय कमी गेले?"

"मधातच उठून भांडाले गेली तं?"

"तुमी बांधूनच ठेवसान ना, जाईन कुठी?"

मी दिव्यानीचं डोकं माझ्या छातीशी धरलं होतं. बाबांनी स्वतःच्या पट्टीकडे पाहिलं. मग रिसीव्हर कानावरून न काढता मान वळवून राजदीपला काहीतरी विचारलं. राजदीप खाली वाकला, बोलला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या सकाळी नेते म्हणते," बाबा फोनमध्ये म्हणाले. आवाज नेहमीचा, तलावावरून हाक मारतात तसा. "जया, तू थांबशीन का उद्या?"

"थांबेन बाबा."

"पोरीले ऊन नको लागू देजो. अन् तुह्या मायले सांग, बाहेर गेली का आधी नखं काप म्हणा. नायलॉनचा दोर अडकते नखात."

वेळ झाली. राजदीपनं खुर्ची फिरवली. बाबांनी एकदा मागे वळून पाहिलं, आणि मी बघितलं, ते आमच्या तोंडांकडे बघत नव्हते, कट्ट्यावरच्या पायाकडे बघत होते.

"मावशी, आता तरी," शिपाई म्हणाला.

मी मायच्या कोपराला धरलं. "माय, पाय खाली घे. चल."

"थांब वं," ती म्हणाली. "दारातून जाऊ दे त्यायले."