पट्टी बांधलेली बोटं

मित्रांनो, मी एक जुनी मण्यांची चौकट आहे. शाळेच्या कपाटावर धूळ खात पडले आहे. नाक मुरडू नका, एकेकाळी या वर्गात माझंच राज्य होतं!

सुतारानं उरल्यासुरल्या फळ्यांतून मला घडवलं. दहा तारा, तारेवर दहा-दहा मणी. वर्गाच्या बाईंनी मला हौसेनं आणलं. बाई 'किती?' असं क्वचित विचारायच्या, 'कसं?' असंच विचारायच्या. मुलं मणी सरकवायची, भांडायची, चुकायची, पुन्हा सरकवायची. त्यात एक चिमणी होती. आवाज बारीक, म्हणून हे नाव. पोर हळू, पण पक्की. एकदा चार तारांवर पाच-पाच मणी सरकवून ती ओरडली, "बाई, आडवं मोजा नाहीतर उभं मोजा, वीसच!" अगं बाई, केवढा आनंद झाला होता मला!

मग बाईंची बदली झाली आणि नवे सर आले. माणूस वाईट नव्हता, पण घाई त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. "मणी नकोत, बोटं नकोत. तोंडानं फटाफट!" असं म्हणून त्यांनी मला कपाटावर टाकलं.

चिमणीचा बाप फरश्या बसवायचा. पालकसभेत सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमची मुलगी अजून बोटंच मोजते." बापाची मान खाली गेली. आपल्यासारखं पोरीचं आयुष्य उकिडवं बसून जाऊ नये, एवढंच त्या बिचाऱ्याला हवं होतं. दुसऱ्या दिवशी चिमणी आली ती दोन्ही हातांची बोटं चिकटपट्टीनं एकत्र बांधून; बापानंच बांधली होती. लिहिण्यापुरती सोडायची, की पुन्हा बांधायची. सर खूश झाले. "याला म्हणतात पालक!" झालं! बघता बघता निम्मा वर्ग बोटं बांधून यायला लागला. मी वरून बघत होते, दुसरं काय करणार?

चिमणीचे पाढे घडाघडा पाठ झाले. स्पर्धेत ती पहिली आली, टाळ्या पडल्या, पट्ट्या सुटल्या. मण्यांकडे मात्र तिनं पुन्हा मान वर करून पाहिलं नाही. 'का?' म्हणून विचारणंही तिनं सोडून दिलं.

मग वर्गाची फरशी उखडली आणि ती बसवायला तिचाच बाप आला. सरांसमोर पोरीचं कौतुक व्हावं म्हणून त्यानं हाक मारली, "ए चिमणे, या कोपऱ्यात एका ओळीत आठ फरश्या बसतात. ओळी सहा. एकूण किती गं?"

चिमणी ताठ उभी राहिली. "आठ एके आठ, आठ दुणे सोळा..." अठ्ठेचाळीस आले, गेले. ती थेट ऐंशीपर्यंत म्हणत गेली आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. कुठे थांबायचं, हे तिला कळलंच नाही.

"पाढा तर अगदी चोख म्हटला हो!" सर म्हणाले.

बापानं हातातली फरशी खाली ठेवली. तिच्याजवळ बसून हळूच म्हणाला, "बाळा, बोटांवर मोज ना."

चिमणीनं झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. त्यानं ते पुढे घ्यायला पाहिलं, तर ती मुठी उघडेना. तो मोठा माणूस त्या उखडलेल्या जमिनीवर बसून रडला, मित्रांनो.

तुमच्या घरी एखादं लेकरू बोटांवर मोजत असेल, तर मोजू द्या त्याला. उशीर होईल, होऊ द्या.