आवाज नावाचं फोल्डर

मी एक जोडणी बोलतेय. लायब्ररीतली. पुस्तकांच्या नव्हे; प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागणाऱ्या तयार आज्ञांची एक लायब्ररी असते, तिच्यातल्या नऊ ओळी म्हणजे मी.

मला घडवणारी बाई नेमाधर्माची. घरचं आवरून दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती मला लिहायला बसायची. तेव्हा तिनं देवाला सांगितलं होतं, "ही प्रत्येक कॉम्प्युटरवर न चुकता चालेपर्यंत गोड तोंडाला लावणार नाही." सात महिने तिनं बिनसाखरेचा चहा प्यायला. सासूबाई म्हणायच्या, "देवाला काय कळतंय गं त्यातलं?" ती म्हणायची, "त्याला न कळो. मला तर रोज आठवण राहील!"

माझं काम एवढंसं. फाइलला पत्ता लागतो: हे फोल्डर, त्याच्या आतलं ते फोल्डर, मग फाइल. मधे एक तिरकी रेघ. काही कॉम्प्युटरांना ती उजवीकडे झुकलेली लागते, काहींना डावीकडे. मी आधी विचारते, "तुमच्याकडे कशी पद्धत?" आणि मग तशी रेघ घालते. बस्स.

बाईचा दीर मोठ्या ऑफिसात प्रोग्रॅमर. तो मला हसायचा.

"वहिनी, एका रेघेसाठी माणूस ठेवलाय होय तुम्ही? मी हातानंच टाकतो."

"भाऊजी, तुमच्या कॉम्प्युटरवर चालेल. दुसऱ्याच्या?"

"माझं आजवर कुठं अडलंय?"

माणसांची ही खोड मी पुष्कळ पाहिली. आपल्या घरी जे चालतं, ते जगात सगळीकडे चालतं, असं त्यांना वाटतं.

मग सासूबाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. पण आधीच पुष्कळ वाक्यं बोलून ठेवली, तर पुढे कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलू शकेल. हाताशी तीन आठवडे होते.

दिरानं आईसाठी एका रात्रीत प्रोग्रॅम लिहिला. मी त्याच लायब्ररीत बसलेली, पण त्यानं मला बोलावलं नाही. पत्ता हातानं जोडला, ऑफिसच्या सवयीची रेघ घालून. आणि घरचा जुना कॉम्प्युटर नेमका दुसऱ्या पद्धतीचा.

सासूबाई रोज सकाळी टेबलाशी बसत. दिलेली वाक्यं वाचून झाली की मनची घालत. "दूध उतू गेलं बघ." "जेवलास का रे?" "दार लाव, मांजर येईल." आणि हसत, "यंत्रातनंसुद्धा ओरडेन हं मी! सुटका नाही तुमची."

त्या जुन्या कॉम्प्युटरनं ती उलटी रेघ म्हणजे नावातलंच एक अक्षर धरलं. 'आवाज' नावाच्या फोल्डरात एकही फाइल गेली नाही. सगळ्या दाराबाहेर, तात्पुरत्या जागेत, विचित्र नावांनी पडत राहिल्या. चूक ओरडली असती तर कुणी धावलं असतं. ती ओरडली नाही. उलट प्रोग्रॅम त्याच चुकीच्या नावानं फाइल शोधी आणि त्याला ती सापडे. रोज संध्याकाळी सासूबाईंना आपलं बोलणं नीट ऐकू येई. मला सगळं दिसत होतं. पण बोलावल्याशिवाय मला तोंड नाही.

तीन आठवड्यांनी दिरानं 'आवाज' फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर नेलं आणि जुना पुसून साफ केला. आत डोकावून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

सासूबाई घरी आल्यावर त्यानं कौतुकानं त्यांच्यासमोर फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं. त्यानं बंद करून पुन्हा उघडलं.

बाईनं दोन दिवस जुना कॉम्प्युटर धुंडाळला. काही हाती लागलं नाही. "मी सांगितलं होतं" हे तिच्या तोंडून एकदाही आलं नाही. मला मात्र ते म्हणायचं होतं.

"आई, मला बोल ना काहीतरी," दीर म्हणाला. सासूबाईंनी वही ओढली आणि लिहिलं, "राहू दे. बोलत होते तेव्हा तरी कुठे ऐकत होतास?" लिहून हसल्या. त्या हसण्याला आवाज नव्हता.

आता तो मला न चुकता बोलावतो. मी अचूक वाट दाखवते. ती रिकाम्या फोल्डरापाशी जाते.

माझ्या अचूकपणाचा मला आता वीट आलाय. पण परवा दिरानं शेजारच्या काकांचा आवाज नोंदवला, त्यांचंही तसलंच ऑपरेशन आहे. पहिल्याच वाक्यानंतर त्यानं फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली, उघडली आणि सासूबाईंना शेजारी बसवून शेवटपर्यंत ऐकली. मगच म्हणाला, "हं काका, पुढचं."

तुम्हीही तसंच करा. माझ्यावर विसंबू नका, स्वतःवर तर मुळीच नको. फाइल दुसरीकडे उघडा आणि कान देऊन ऐका. ज्याचा आवाज आहे, त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणता येतंय तोवर.