पान तीनशे चार

दातांच्या डॉक्टरांनी पोकर एका जाडजूड पुस्तकातून शिकून घेतला, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. पुस्तक अगदी तोंडपाठ केलं. स्पर्धेच्या सकाळी बायको म्हणाली, "आज हरलात तर ते पुस्तक रद्दीत. मग जन्मभर दातच उपटा."

दुपारपर्यंत डॉक्टर शेवटच्या दोघांत पोचले. समोर एक निवृत्त शिक्षिका होत्या. डॉक्टरांनी भिकार पत्त्यांवर मोठी बोली लावली.

"पान दोनशे बारा, थाप मारणे," असं म्हणत बाईंनी ती पकडली.

"कसं ओळखलंत?"

"वाचताना ओठ हलतात हो तुमचे."

लोक हसले. डॉक्टरांनी खिशातला मास्क काढून तोंडाला लावला. पुढच्या डावात पत्ते झकास आले. गरीब चेहऱ्याने छोटी बोली लावावी, असं पुस्तक सांगत होतं.

"पान अठ्ठ्याऐंशी," म्हणत बाईंनी पत्ते टाकून दिले.

डॉक्टरांनी पुढचे पत्ते न बघताच सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. "हे पुस्तकात नाही!"

"आहे की. पान तीनशे चार."

पुस्तक तीनशे तीन पानांचं होतं. त्या पानावर काय असेल, असं डॉक्टरांच्या नुसतं मनात आलं.

"डॉक्टर हरतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन एक्के उघडले. डॉक्टरांची निघाली दुर्री आणि सत्ती. टेबलावर मध्ये मांडलेल्या, दोघांच्या सामाईक पाच पत्त्यांनीही त्यांना हात दिला नाही.

ते उठले.

"पुस्तक रद्दीत नका हो घालू," मागून बाई म्हणाल्या. "मला द्या. वाचायचं राहिलंय माझं."