नऊ नंबरचे अकरा शर्ट

"वहिनी, मान दुखत नाही का हो तुमची, सारखं त्या पडद्याकडे बघून?" रेडिओने विचारलं.

"तू हात चालव. तोंड काय, आपोआप चालतंच तुझं."

रेडिओ खळखळून हसली. ती या टेबलावर आल्याला पाच वर्षं झाली होती आणि पाच वर्षांत सलग दोन मिनिटं गप्प बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून ती रेडिओ. वहिनीने पुन्हा एकदा चोरून वर पाहिलं. भिंतीवरच्या पडद्यावर टेबलावरच्या पाचही जणींचे नंबर होते, पुढे शर्टांचा आकडा आणि त्यापुढे एक तोंड. हिरवं तोंड हसणारं, पिवळं सरळ ओठांचं आणि लाल रडणारं. नऊ नंबरपुढचं तोंड लाल होतं. वहिनीने अ‍ॅप्रनच्या खिशातून नऊ नंबरची एक चिठ्ठी काढली, स्वतः तपासलेल्या शर्टाच्या कॉलरच्या आत चिकटवली आणि शर्ट सरकत्या पट्ट्यावर ढकलला.

नऊ नंबर म्हणजे वन्सं, वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनीच एकवीस वर्षांपूर्वी नव्या नवरीला हाताला धरून या शर्टाच्या कारखान्यात आणलं होतं आणि शेजारी बसवून काम शिकवलं होतं. शिवून आलेल्या शर्टाची सुटलेली धाग्यांची टोकं कापायची, बटणं ओढून बघायची, सैल असली तर टाका घालायचा, काज तपासायची आणि शर्ट पुढे ढकलायचा. "डोळ्यांनी नाही गं, अंगठ्याने बघायचं," असं वन्सं तेव्हा सांगायच्या. त्या तिला वहिनी म्हणत, म्हणून सगळा हॉल वहिनी म्हणायला लागला. आता तिचं खरं नाव फक्त पगाराच्या यादीत उरलं होतं.

इतकी वर्षं शर्ट टेबलाचे मोजले जायचे. दिवसाला पाचशे दिले की झालं. कुणी किती केले हे विचारायची पद्धतच नव्हती. कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असलं की ती त्या दिवशी कमी करायची, बाकीच्या ओढून न्यायच्या. पुढे कधीतरी तीही दुसरीसाठी ओढायची. हिशेब कुणी ठेवला नाही आणि पाचशेही कधी चुकले नाहीत.

मग तीन महिन्यांपूर्वी उत्पादकता आणि मनोबल अधिकारी आले. एवढं लांबलचक पद कोण म्हणत बसणार? बायकांनी त्याचं नुसतं मनोबल करून टाकलं. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्याने थंड पाण्याचं यंत्र बसवलं, खिडकीत कुंड्या ठेवल्या, पाठ टेकणाऱ्या खुर्च्या मागवल्या. बायका खूश झाल्या. त्याच्या पाठोपाठ पडदा आला, ज्याच्या त्याच्या नंबराच्या चिठ्ठ्यांची गुंडाळी आली, चिठ्ठी ज्याची शर्ट त्याच्या नावावर, आणि बाहेर पडायच्या दारापाशी तीन बटणं आली. आजचा दिवस कसा गेला, हे घरी जाताना बटण दाबून सांगायचं. घाईच्या वेळी सगळ्या हिरवं दाबून मोकळ्या व्हायच्या. मनोबलच्या कागदांवर कारखाना कमालीचा सुखी दिसत होता.

सलग तीन आठवडे लाल राहिलेल्या माणसाला 'चर्चेला' बोलावत. शेजारच्या हॉलमधल्या दोघी चर्चेला गेल्या त्या टेबलावर परत आल्याच नाहीत. वन्संचे दोन आठवडे लाल गेले होते आणि त्यांच्या निवृत्तीला अजून चौदा महिने होते.

वन्संना दिसत नव्हतं. साखरेने डोळे आतून खाल्ले होते, आणि गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी वहिनीच्या देखत सांगितलं होतं. कारखान्यात हे कुणाला माहीत नाही, असा दोघींचा समज होता. "घरी बसवलंस तर मी संपले बघ," वन्संनी दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिचा हात घट्ट धरून सांगितलं होतं. त्या दिवसापासून वहिनी त्यांच्या गुंडाळीतल्या चिठ्ठ्या फाडून खिशात ठेवू लागली. दिवसाला पंचवीस. त्याहून जास्त दिल्या तर तिचं स्वतःचं तोंड लाल झालं असतं.

गुरुवारी सुटताना वन्सं जरा तोऱ्यातच म्हणाल्या, "माझी गुंडाळी दोनदा संपली या आठवड्यात. नवी मागून घेतली." वहिनीने हूं केलं. तिने तेव्हाच विचार करायला हवा होता. पंचवीस चिठ्ठ्यांनी गुंडाळी दोनदा संपत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पडद्यावर नऊ नंबरपुढे आकडा उमटला, एकशे एकतीस. हिरवं तोंड. सगळ्या हॉलमध्ये पहिला नंबर.

वन्संचे स्वतःचे फार तर पन्नास. तिचे पंचवीस. मग बाकीचे कुठून आले? तिने हळूच रेडिओकडे पाहिलं. रेडिओ गप्प होती, आणि तेवढ्यावरूनच वहिनीला कळलं.

"किती?"

"वीस," रेडिओ पुटपुटली. "आधी थोडे थोडे देत होते. आज आठवडा संपतो म्हणून वीस."

समोरच्या दोघी कात्रीकडे बघत बसल्या होत्या. एक म्हणाली, "मी अठराच दिले हो." दुसरी म्हणाली, "मीपण."

"अगं, मला विचारायचं तरी!"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?" रेडिओ म्हणाली. "ताई सुईत दोरा ओवायला आम्हाला देतात, तेव्हापासून ठाऊक आहे आम्हाला. आम्हाला काय आंधळं समजलात?" शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली.

तेवढ्यात मनोबल जवळजवळ धावतच आला. हातात फुलं होती. त्याने सगळ्यांना उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि वन्संच्या हातात गुच्छ दिला. "हॉलमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ ताई, आणि सगळ्यांच्या पुढे! दोन आठवड्यांत लालवरून पहिला नंबर! ताई, सोमवारी तुम्ही मधल्या मोकळ्या टेबलावर बसायचं. मी स्वतः घड्याळ घेऊन शेजारी बसणार. तुमची पद्धत लिहून काढायची आणि सगळ्यांना शिकवायची." त्याचा आनंद अगदी खरा होता. वन्सं गुच्छ छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

दोघी घरी आल्यावर वन्संनी चहा केला. कपाच्या काठावर आतून बोट ठेवून त्या चहा ओतत. बोटाला चटका बसला की थांबायचं.

"तुझे किती होते?"

"कसले?"

"उगाच भोळेपणाचा आव आणू नकोस."

"पंचवीस."

"बाकीचे?"

वहिनीने सांगून टाकलं. वन्सं बराच वेळ बोट फडक्याला पुसत राहिल्या. "मला वाटलं, माझा हात परत चालायला लागला," त्या म्हणाल्या. "हसल्या असाल तुम्ही मला."

"नाही हो वन्सं, कुणी हसलं नाही." वहिनीला रडू आवरेना. "सोमवारी तुम्ही आजारी आहात म्हणून सांगते. नाहीतर मीच साहेबांकडे जाते. सगळी चूक माझी, म्हणते."

"म्हणजे तू जाशील, तुझ्या मागे त्या तिघी जातील. रेडिओची दोन पोरं शाळेत आहेत. आणि मी आजारी तरी किती दिवस पडू?" त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. "चहा घे. निवतोय."

सोमवारी वन्सं धुतलेला अ‍ॅप्रन घालून मधल्या टेबलावर बसल्या. शेजारी मनोबल, हातात घड्याळ, मांडीवर कोरी वही. वहिनीच्या हातातली कात्री दोनदा चुकली. वन्सं शर्ट उचलत, अंगठा कॉलरवरून, काजांवरून, बाहीच्या टोकापर्यंत सावकाश फिरवत. धागा लागला की कात्री त्याच्या मुळाशी नेऊन टेकवत. एक तास झाला. मनोबलची वही कोरीच होती. दुसराही तास संपत आला तेव्हा त्याने न राहवून विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतका मोठा होता. "हाच माझा वेग आहे, साहेब. डोळे गेलेत माझे. त्याच्या वरचे शर्ट माझे नव्हते."

"मग कुणाचे होते?"

"ते मला कसं दिसणार?"

मनोबलने वर पाहिलं. चार माना खाली होत्या. त्याला कळलं असावं. पण त्याने पुढे विचारलं नाही. त्याने घड्याळ बंद करून खिशात टाकलं. "मला आधी सांगायचं होतंत, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "मी रोज विचारत होतो की."

"मी सांगत होते ना रोज. हिरवं दाबत होते. उजवीकडून पहिलं, एवढं पाठ करून ठेवलं होतं."

जेवणाच्या सुट्टीआधीच कागद झाले. दृष्टी कामायोग्य नाही, आजपासून कामातून मुक्त. चिठ्ठ्यांचा विषय मनोबलने कागदावर येऊ दिला नाही. तेवढं त्याने केलं. वन्संनी अ‍ॅप्रनची घडी घालून टेबलावर ठेवली. वहिनी त्यांना घरी सोडायला उठली तशा त्या म्हणाल्या, "बस खाली. रस्ता पायांना माहीत आहे माझ्या." आणि खुर्च्यांच्या पाठी एकेक करून चाचपत त्या दारापर्यंत गेल्या. दारापाशी तीन बटणं होती. त्या तिथे थांबल्या नाहीत.



मधल्या टेबलावर वन्संनी केलेले शर्ट तसेच पडून होते. त्यांनी एकालाही चिठ्ठी लावली नव्हती. वहिनीने ते आपल्या टेबलावर आणले, मोजले. अकरा. मग डोळे मिटून प्रत्येक शर्टावरून अंगठा फिरवला, कॉलर, काज, बटणं, बाहीची टोकं. एकाही शर्टाला एकही धागा सुटलेला नव्हता.

तिच्या खिशात नऊ नंबरच्या चिठ्ठ्या उरल्या होत्या. तिने त्या अकरा कॉलरींत एकेक करून लावल्या आणि शर्ट पट्ट्यावर सोडले. पडद्यावर नऊपुढे अकराचा आकडा आला, पुढे लाल तोंड. कामाची वेळ संपेपर्यंत ते तिथेच होतं, आणि वहिनी मान वर करकरून ते बघत राहिली.